दवाखान्यात न गवसलेली धडधड

हृदयाच्या लयीविषयी बालरोगतज्ज्ञाने लिहावे, हे काहीसे आगाऊपणाचे वाटेल. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे व ती व्यवसायबंधूंपुढे मांडणे मला उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येत असे. "डॉक्टरकाका, छातीत कबुतर फडफडतं," एवढीच तिची तक्रार. खरगोनहून इंदूरला पोहोचेपर्यंत ते कबुतर उडून गेलेले असे. ईसीजी निर्दोष, इको निर्दोष, चोवीस तासांचा होल्टरही निर्दोष. परीक्षा जवळ आली होती. अभ्यासाचा ताण, असे निदान करून मी मोकळा झालो. त्यानंतर वर्षभर ती मुलगी घरात 'नाटकी' ठरली.

एके रात्री आईने स्वतःचे स्मार्ट वॉच तिच्या मनगटाला बांधले व अर्ध्या मिनिटाचा आलेख टिपला. ठोके मिनिटाला २२०, क्यूआरएस अरुंद, लय काटेकोर नियमित. घड्याळाचा शेरा मात्र 'निष्कर्ष काढता येत नाही' असा होता! इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या तज्ज्ञांनी तपासणी करून सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचे निदान पक्के केले, ॲब्लेशन झाले आणि धडधड थांबली.

अधूनमधून येणारा लयदोष दवाखान्याच्या वेळा पाळत नाही. हे ओळखूनच नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात पाठीवर वाहून नेण्याचे सुमारे ३८ किलो वजनाचे यंत्र तयार केले होते. कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांवरील कॅनडातील अभ्यास २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. घरी तीस दिवस छातीला पट्टा बांधल्यावर १६.१ टक्के रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन आढळले. चोवीस तासांच्या होल्टरने ते ३.२ टक्क्यांतच आढळले. रुग्ण प्रौढ होते, पण तत्त्व मुलांनाही लागू आहे.

मग प्रत्येक मुलाच्या मनगटावर घड्याळ बांधावे काय? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आठ वर्षांच्या एका धडधाकट मुलाचे आईवडील 'ठोके अनियमित' या चिंतेने कित्येक रात्री झोपले नव्हते. श्वास घेताना ठोके जलद व सोडताना संथ, ही बालवयातील स्वाभाविक सायनस ॲरिथमिया होती. ॲपलच्या घड्याळातील ईसीजीची सोय कंपनीने बावीस वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठीच दिली आहे, हेही पालक वाचत नाहीत.

घराने क्षण पकडावा, दवाखान्याने त्याचा अर्थ लावावा, असे माझे मत आहे. घरचे मॉनिटरिंग औषधासारखेच लिहून द्यावे: कोणत्या प्रश्नासाठी, किती दिवस आणि केव्हा बंद. पैकी तिसरी सूचना आपण बहुधा विसरतो. खेळताना, धावताना शुद्ध हरपणारे मूल, किंवा ज्याच्या कुटुंबात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले आहे असे मूल, यांच्या बाबतीत घड्याळाची वाट पाहू नये. त्यांना थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ज्या घरी उपकरण नाही, तेथे आईला नाडी मोजण्यास शिकवावे. "मोजताच येत नाही इतकी जलद," हेही एक मोलाचे उत्तर आहे.

पूर्वी मी केसपेपरवर 'ईसीजी निर्दोष' एवढेच लिहीत असे. आता त्यापुढे आणखी एक वाक्य लिहितो: 'तपासणीच्या वेळी धडधड नव्हती.' हे वाक्य मी तेव्हाच लिहिले असते, तर एका मुलीचे वर्ष वाचले असते.