पाणी : मक्ता कीं विश्वस्तनिधि ?

शहराच्या पाण्याचा कारभार खाजगी कंपनीकडे सोंपवावा कीं नाहीं, हा प्रश्न महाराष्ट्रांत आतां केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. नागपुरानें तो एका रीतीनें सोडवूं पाहिला, औरंगाबादेनें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरानें, दुसऱ्या रीतीनें. आणि ज्या शहरांच्या तिजोऱ्या रित्या व नळ कोरडे आहेत, त्यांच्या दारीं तो आज ना उद्यां येणारच. तेव्हां हातीं आलेल्या अनुभवाचा शांतपणें हिशेब मांडणें हें लोकपक्षाचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पुरस्कर्त्यांची बाजू मांडूं; कारण प्रतिपक्षाचें म्हणणें न ऐकतां दिलेला निकाल हा निकालच नव्हे. ते म्हणतात, महापालिकांच्या नळांतून पुष्कळ पाणी गळून व चोरून जातें, मीटर चालत नाहींत, पट्टी वसूल होत नाहीं, आणि म्हणून दुरुस्तीस पैसा उरत नाहीं. यांतलें कांहींच खोटें नाहीं. आम्ही तर याहून पुढें जाऊन म्हणतों कीं, सर्वांस एकच ठोक पट्टी असण्यांत गरिबांचें हित आहे, ही समजूतही भ्रामक आहे. त्या व्यवस्थेंत बागेला पाणी सोडणारा बंगलेवाला व दोन घागरींसाठीं पहाटे उठणारी बाई एकाच मापानें मोजलीं जातात. जेथें नळच पोंचत नाहीं तेथें टँकर पोंचतो. आणि टँकर म्हणजे करारावांचून, ठरीव दरावांचून व जबाबदारीवांचून झालेलें खाजगीकरणच होय. आहे तेंच बरें असें म्हणणाऱ्यांस ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

परंतु रोग खरा आहे एवढ्यावरून वैद्य सांगेल तें औषध खरें ठरत नाहीं. जायकवाडीच्या नाथसागरापासून औरंगाबादेस समांतर जलवाहिनी घालण्यासाठीं २०११ सालीं कंपनीशीं करार झाला व १ सप्टेंबर २०१४ पासून शहराचें पाणीवाटप व वसुलीही तिच्या हातीं गेली. दरवर्षीं दरवाढीची तरतूद करारांतच होती. म्हणजे वाढीव पट्टीची वाट आधीं खुली झाली. मुख्य जलवाहिनी मात्र झालीच नाहीं. अखेर २०१६ सालीं महापालिकेनें करार रद्द केला. पुढें सरकारी निधींतून १,६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली, आणि तिचा खर्चही २,७०० कोटींच्या पलीकडे गेला. धरण उशाला व कोरड घशाला, ही म्हण त्या नगरींतल्या लोकांनीं वर्षानुवर्षें भोगली. यांत कंपनीचा दोष किती व महापालिकेचा किती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. दोघांच्या भांडणांत दंड मात्र नागरिकांस झाला, इतकेंच सांगतों.

नागपूरचा प्रकार निराळा आहे. तेथें मार्च २०१२ पासून २५ वर्षांसाठीं काम कंपनीस दिलें. पण मालमत्तेची मालकी व दर ठरविण्याचा अधिकार महापालिकेनें स्वतःकडे ठेविला. हा भेद लहान नव्हे, आणि कांहीं भागांत पुरवठा सुधारला हेंही नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि पांच वर्षांत साऱ्या शहरास चोवीस तास पाणी देण्याचें जें वचन होतें, तें मुदतींत पुरें झालें नाहीं.

परदेशाकडे पाहिलें तरी निकाल याहून वेगळा दिसत नाहीं. इंग्लंडनें १९८९ सालीं आपल्या सार्वजनिक जलसंस्था, त्यांचीं जुनीं कर्जें माफ करून, विकल्या. त्यांपैकीं लंडनास पाणी पुरविणारी टेम्सकांठची कंपनी २०२४ पर्यंत १५ अब्ज पौंडांहून अधिक कर्जाखालीं दबली. बोलिव्हियांतील कोचाबांबा येथें १९९९ सालीं मक्ता दिला, दर भडकले, लोक रस्त्यावर आले, रक्त सांडलें, आणि एप्रिल २००० मध्यें सरकारास मक्ता काढून घ्यावा लागला. उलटपक्षीं पॅरिस शहरानें २०१० सालीं वाटप कंपन्यांकडून परत घेऊन स्वतःची संस्था उभारली व पुढच्याच वर्षीं दर ८ टक्क्यांनीं उतरविला. सार्वजनिक कारभार म्हणजे गैरकारभार, हा सिद्धान्त तेथें तरी टिकला नाहीं.

याचें कारण उघड आहे. एका दुकानाचा माल महाग वाटला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. पण घरांत येणारा नळ एकच असतो. जेथें स्पर्धा असूंच शकत नाहीं, तेथें स्पर्धेच्या गुणांचें वर्णन व्यर्थ आहे. कायद्याचीही भूमिका हीच दिसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें पाणीपुरवठा हा नगरसंस्थांच्या विषयांत घातला. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं निर्मळ पाण्याचा समावेश जीविताच्या हक्कांत केला, व पुढें कमलनाथ खटल्यांत, निसर्गसंपत्तीचें सरकार हें मालक नसून विश्वस्त आहे, असें तत्त्व घालून दिलें. मुंबई उच्च न्यायालयानेंही २०१४ सालीं, झोपडी अनधिकृत असली म्हणून तींतील माणसास पाणी नाकारतां येत नाहीं, असें ठरविलें. विश्वस्तास कामासाठीं गुमास्ता ठेवतां येतो. विश्वस्तपणच विकतां येत नाहीं.

महाराष्ट्रास हा धडा परक्यांकडून घेण्याचें कारणही नाहीं. सार्वजनिक पाण्यावर मूठभरांचा खाजगी हक्क चालावा कीं नाहीं, हा वाद महाडास १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्यावर उभा केला, आणि अस्पृश्यांस त्या पाण्यापासून दूर ठेवूं पाहणारांचा दावा उच्च न्यायालयानें १९३७ सालीं फेटाळला. जातीनें घातलेलें कुंपण ज्या भूमींत मोडलें, तेथेंच ऐपतीचें कुंपण घालूं देणें आम्हांस शोभणार नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें. कोणताही मक्ता सहीपूर्वीं मराठींत, संपूर्ण व दरांच्या कोष्टकासह प्रसिद्ध व्हावा. मालकी व दराचा अधिकार निवडून आलेल्या सभेकडेच राहावा. औरंगाबादच्या सभेची मुदत २०२० सालीं संपल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकाचा अंमल होता. लोकांचे प्रतिनिधि नसतांना पिढीभराचा करार करण्याचा अधिकार कोणाही अधिकाऱ्यास नसावा. आधीं काम व मग दरवाढ, हा क्रम करारांतच असावा. जगण्यापुरतें पाणी स्वल्प दरांत मिळावें व थकबाकीसाठीं तें तोडूं नये. त्यापुढील वापरास मात्र चढता दर अवश्य लावावा. आणि नागरिकांनींही ओळखावें कीं, मीटर फोडणारा व पट्टी बुडविणारा मनुष्य मक्तेदाराचीच वाट झाडीत असतो. महापालिकेच्या पाणीखात्याचा जमाखर्च वेगळा व उघडा असावा, असा आग्रह प्रत्येक प्रभागांतून धरला गेला पाहिजे. तो धरला गेला नाहीं तर मक्ता पुन्हां येईल, आणि त्या वेळीं त्याला नको म्हणण्यास सबळ कारण आपणांपाशीं उरणार नाहीं.