मेळाव्यात निवड होते, मग पोरं कामावर का जात नाहीत? कंपन्यांनी आधी हे बघावं

धाराशिव : जिल्ह्यात रोजगार मेळावा झाला की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते. एवढ्या कंपन्या आल्या, एवढ्या उमेदवारांच्या मुलाखती झाल्या, एवढ्यांची प्राथमिक निवड झाली. पण निवड झालेल्यांपैकी महिन्याभरानं प्रत्यक्ष कामावर किती राहिले, याची बातमी होत नाही. कंपनीचे लोक म्हणतात, "ग्रामीण भागातल्या पोरांना काम नको, घर सुटत नाही." गावात पारावर विचारलं तर वेगळंच ऐकायला मिळतं. "सांगितलं एक आणि निघालं दुसरंच," असं परत आलेली पोरं सांगतात.

दोन्हीकडं गरज आहे. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांना माणसं पाहिजेत. आपल्याकडं भूम, परंडा, वाशी, कळंबमध्ये सोयाबीनच्या भावावर घर चालत नाही म्हणून आयटीआय केलेली, बारावी झालेली पोरं कामाच्या शोधात आहेत. मधी अडतं ते विश्वासावर. मोठा बॅनर, फुगे, मोफत पेन आणि सेल्फी पॉइंट यानं स्टॉलवर गर्दी होते. कामावर माणूस येतो तो खरी माहिती मिळाल्यावर.

फलकावरचा पगार आणि हातातला पगार

सगळ्यात मोठी गोची इथंच आहे. उदाहरण म्हणून हिशोब करू. एका पोराचा पगार 15,000 रुपये धरा. त्यातून पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 113 आणि व्यवसाय कर 200 रुपये कापला. हातात आले 12,887. आता कंपनीनं स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआयसुद्धा याच आकड्यात मिळवला, तर तोच पगार फलकावर साधारण साडेसतरा हजार दिसतो. पोरगं साडेसतरा हजार ऐकून घरून निघतं आणि खात्यावर बारा-तेरा हजार बघून हबकतं. खोलीचा वाटा 2,000 आणि मेसचे 3,500 धरले तर उरले 7,387. एवढ्यासाठी घरापासून इतकं लांब जायचं का, असा विचार तो करणारच.

यात कंपनीनं बेकायदा काही केलेलं नसतं. पीएफ हा वाया गेलेला पैसा नाही, कंपनीचा वाटा धरून तो त्या पोराच्याच नावावर जमा होतो. ईएसआयमुळं दवाखान्याची सोय होते. पण हे स्टॉलवर कुणी समजावून सांगत नाही. म्हणून कंपन्यांनी फलकावर एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहावा, तो म्हणजे हातात पडणारा पगार. त्याखाली कपात किती आणि कशाची ते लिहावं. ओव्हरटाइम धरून फुगवलेला आकडा तर लिहूच नये. बाजूच्या स्टॉलवर मोठा आकडा असला तरी चालेल. खरा आकडा सांगून नेलेलं पोरगं टिकतं.

कुणाच्या हजेरीवर?

दुसरा प्रश्न ठेकेदारीचा. स्टॉलवर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण भरती करणारा माणूस कंत्राटदाराचा असतो. तिथं गेल्यावर कळतं की ओळखपत्र वेगळ्याच नावाचं आहे. कंत्राटी काम वाईटच असतं असं नाही, पण ते आधी सांगायला पाहिजे. तसंच 'अप्रेंटिस' आणि 'नोकरी' यातला फरक. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या पोराला पगार नाही, विद्यावेतन मिळतं आणि मुदत संपल्यावर कायम करण्याची हमी नसते. आयटीआयच्या पोराला हे माहीत असतं, बारावीच्या पोराला आणि त्याच्या बापाला नसतं. कंपनी, कंत्राटदार की अप्रेंटिस, हे स्टॉलवरच कागदावर लिहून द्यावं.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे. नाहीतरी द्यायचंच आहे, तर ज्याची निवड पक्की त्याला मेळाव्यातच पत्र का देऊ नये? "फोन करून कळवतो" या शब्दावर गावाकडं आता कुणाचा विश्वास राहिलेला नाही. निदान तीन दिवसांत हो की नाही ते कळवावं. नाही असेल तरी कळवावं. वाट बघण्यात पोराची दुसरी संधी हुकते.

पहिला महिना कसा काढायचा?

ही अडचण शहरातल्या साहेबाच्या ध्यानात येत नाही. पोरगं दहा तारखेला कामावर लागलं तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आसपास, आणि तोही वीस-एकवीस दिवसांचाच. तोवर गाडीभाडं, खोलीचं डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स, बूट हे सगळं घरून. ज्याच्या घरात दोन एकर कोरडवाहू आहे, तो बाप हे पैसे उसने काढतो. कुणी ते काढू शकत नाही, म्हणून पोरगं जातच नाही, आणि कंपनीच्या वहीत 'गैरहजर' अशी नोंद होते.

ज्या कंपनीला खरंच माणसं पाहिजेत तिनं पहिल्या महिन्याची राहायची सोय करावी, किंवा चार-पाच हजारांची उचल देऊन ती पुढं हप्त्यानं कापून घ्यावी. ऊसतोडीला मुकादम उचल देतो तेव्हाच टोळी निघते, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. त्या उचलीत पिळवणूक किती होते तेही माहीत आहे. म्हणून कंपनीनं द्यायची ती बिनव्याजी, लिखापढी करून आणि थोडक्या रकमेची द्यावी.

आपल्या गावचं पोरगं स्टॉलवर बसवा

तीन एचआरवाले उभे करण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातलं, त्या कंपनीत दोन वर्षं काम केलेलं एक पोरगं स्टॉलवर बसवावं. लाइन कशी आहे, जेवण कसं, रात्रपाळी किती, सुट्टी मिळते का, हे त्याला पोरं मोकळेपणानं विचारतात. साहेबापुढं फक्त मान हलवतात.

मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच लागू आहे. जोडणीच्या कामाला बऱ्याच कंपन्यांना मुली पाहिजेत. पण मुलीला पाठवायचं की नाही हे घरात ठरतं, आणि स्टॉलवर आई-बापाला बाजूला थांबा म्हणतात. त्यांना खुर्ची द्या. वसतिगृह कुठं आहे, बस दारापर्यंत सोडते का, तक्रार कुणाकडं करायची, हे बाई कर्मचाऱ्यानं त्यांना समजावून सांगावं. वसतिगृहाचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला तरी निम्म्या शंका मिटतात.

मेळावा कधी आणि कुठं?

सोयाबीन काढणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत मेळावा ठेवला तर घरचं काम टाकून कोण येणार? आयटीआय आणि बारावीच्या निकालानंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे. शिवाय प्रत्येक वेळी जिल्ह्याच्या ठिकाणीच का? परंड्याच्या टोकाच्या गावातून धाराशिवला येऊन-जाऊन दिवस मोडतो आणि भाडंही पडतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये चार कंपन्या आल्या तरी उपयोग जास्त होईल.

कंपन्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना विद्यावेतन मिळालं, तेही घराजवळ. ते काम मुदतीपुरतंच होतं. पण घरी राहून सहा-आठ हजार आणि चाकणला राहून हातात सात हजार, ही तुलना पोरं करतातच. बारा हजारात लांब बोलवायचं असेल तर राहण्या-जेवणाचा भार कंपनीनं उचलावा लागेल.

आपण काय करायचं?

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्याला फी नसते. महास्वयम पोर्टलवरची नोंदणीही मोफत आहे. मेळाव्यात किंवा नंतर फोनवर कुणी गणवेश, फॉर्म, मेडिकलच्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका, केंद्राला कळवा. स्टॉलवर लाजू नका. हातात किती पडणार, कुणाच्या हजेरीवर, किती तासांची पाळी, राहायची सोय काय, पत्र कधी, हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

आणि केंद्राला एक विनंती. पुढच्या मेळाव्याला कंपन्या बोलावताना मागच्या वेळी निवडलेल्यांपैकी किती जण तीन महिने टिकले, हा आकडा प्रत्येक कंपनीकडून घ्यावा आणि तिच्या स्टॉलवर लावावा. तो आकडा बघून कुठं जायचं ते पोरं स्वतःच ठरवतील.