पेपर आपला नाही, तरी वाचायचा



बैठकीत काही भाऊ म्हणतात, "पेपरवाले खोटं लिहितात. पेपर वाचून पोट भरतं का?" पहिलं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण न वाचणं आपल्याला जमिनीएवढं महाग पडतं.

जिल्ह्याच्या पेपरात आपली बातमी आली की मथळा ठरलेला: ‘वनजमिनीवरील अतिक्रमण हटवले.’ ऑफिसातून आलेली प्रेसनोट जशीच्या तशी उतरवलेली. पाड्यावर कुणी आलेलं नसतं, बायांना कुणी विचारलेलं नसतं. २००६ चा वनहक्क कायदा सुरुवातीलाच ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द वापरतो. जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसतो, तो दावेदार आहे, चोर नाही. कलम ४(५) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला उठवता येत नाही. मग बातमीत एवढी एक ओळ का नसते, की हटवलं त्याच्या दाव्याचं काय झालं होतं? जो पेपर हे विचारतो तो वाचण्यासारखा. जो विचारत नाही, त्याच्या संपादकाला ग्रामसभेच्या शिक्क्याचं पत्र धाडा.

पण असा पेपरही आतल्या पानासाठी वाचावाच लागतो. धरणाला, रस्त्याला खातेदाराची जमीन घ्यायची तर २०१३ पर्यंत १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं कलम ४ ची अधिसूचना दोन दैनिकांत छापावी लागत असे, त्यातलं निदान एक स्थानिक भाषेतलं. त्या कायद्यात हरकतीला मुदत ३० दिवस होती. नंतर साहेब म्हणणार, "आम्ही तर जाहीर केलं होतं." आपल्याकडे पेपर येतो कसा? बाजाराच्या दिवशी भजी बांधून! तेलकट कागदावर बारीक अक्षरात आपल्याच शिवाराचा गट नंबर असतो, आणि हरकतीची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

आणि आपला पेपर? तो शहरातच निघतो असं कुणी सांगितलं? मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेला ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवला. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला, तेव्हा ‘केसरी’नं पैसे घेऊनही जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढलं. सानेगुरुजींनी १९४८ ला सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक आजही चळवळींचं लिहितं, ते मागवा. बडोद्याच्या भाषा संस्थेनं ‘ढोल’ आदिवासी बोलींत काढलं. आपली बोली छापायची नसते म्हणणाऱ्या मास्तरांना ते दाखवा.

म्हणून आमचं म्हणणं असं:

१. दर पाड्यानं वर्गणी काढून जिल्ह्याचं एक दैनिक लावावं. फाट्यावरच्या दुकानात एसटीनं येईल.

२. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींनी संध्याकाळी मोठ्यानं वाचावं. आधी जाहीर नोटिसा, मग बातम्या. क्रिकेट शेवटी.

३. आपल्या गावाचं नाव दिसलं की कात्रण करून, पेपरचं नाव नि तारीख लिहून वनहक्क समितीच्या फायलीत लावावं.

४. जे कुठल्याच पेपरात आलं नाही, ते आपल्या बोलीत का होईना, लिहून आमच्याकडे पाठवा. हे बुलेटिन त्यासाठीच आहे.

सरकार छापतं ते आपण वाचू. आपण सोसतो ते आपणच छापू.

जिंदाबाद!