शहराची रँक तिसरी, पण रूममधला डबा?

‘स्वच्छ सर्वेक्षण २०२३’मध्ये इंदूर आणि सुरत संयुक्तपणे पहिले, नवी मुंबई तिसरी. स्टेटस टाकायला भारीच! पण आपलं प्लास्टिक रिसायकल होणार की नाही, ते रँकिंगवर ठरत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर: त्याला भाव आहे का आणि ते स्वच्छ आहे का.

दुधाची पिशवी बघा. घरोघरी ती धुतात, वाळवतात, साठवून रद्दीवाल्याला देतात. त्यासाठी कुणी पोस्टर लावलं नव्हतं. भाव होता, घेणारा होता, ठेवायला ठरलेली जागा होती. वेफर्सच्या पाकिटाचे थर मात्र एकमेकांना चिकटलेले. ते वेगळे करणं महाग, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. ती जबाबदारी नियमाने कंपन्यांची आहे, त्यांना जाब विचारायलाच हवा.

पण पार्सलचा डबा? त्याला भाव असतो, तो आपण ग्रेव्हीसकट घालवतो. वर चहाचा चोथा पडला की सगळा सुका कचरा वाया, आणि तो हाताने उपसणार कचरावेचक.

नेरूळ-कोपरखैरणेत फ्लॅट शेअर करणाऱ्यांनो, चौघांत एकच डबा आहे ना? आपल्याकडे अवेअरनेस भरपूर आहे, कमी आहे तो दुसरा डबा. तो आणा. पार्सलचे डबे भांड्यांसोबत विसळा. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, खाली गेल्यावर सुका कचरा वेगळाच राहतो, की सगळं एकाच ड्रममध्ये? तिसऱ्या नंबरच्या शहरात एवढं तर विचारायलाच हवं!