दोन माणसं जास्त बसवा

इचलकरंजीहून एका वाचकांचा फोन आला तो १९ तारखेच्या रात्री. ते यंत्रमागाचे सुटे भाग विकतात. दुकानातला जुना कॉम्प्युटर बदलला, नव्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर चढवलं आणि लायसन्स चालू होईना. वर्षाचे पैसे भरलेले, पावती हातात. पण स्क्रीनवर एकच ओळ, की हे लायसन्स दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. ते दुसरं मशीन भंगारवाल्याकडे गेलेलं. जीएसटीचं ३बी हे विवरणपत्र भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. त्यांनी कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. भाषा निवडा, प्रॉडक्ट निवडा, सिरियल नंबर टाका, आणि मग संगीत. अख्खी दुपार ते संगीत दुकानात स्पीकरवर वाजत राहिलं, गिऱ्हाइकं येऊन गेली, आणि सहा वाजता कामाची वेळ संपल्याची सूचना ऐकवून लाइन कट झाली.

मग त्यांच्या मुलीनं त्याच कंपनीच्या विक्री विभागाचा नंबर फिरवला. तो सहानंतरही चालू होता. दुसऱ्या रिंगला माणूस बोलला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की जुनं लायसन्स सोडवणं सपोर्टचं काम, आपल्या हातात नाही. नवं घेत असाल तर आत्ता चालू करून देतो. त्यांनी घेतलं. दुसरा इलाज नव्हता.

मला संताप आला तो या दोन नंबरांमधल्या अंतराचा. विकणारा फोन लगेच उचलला जातो, विकून झाल्यानंतरचा वाजत राहतो. सपोर्टबद्दल या सदरात मी बरंच लिहिलंय, कंपन्यांची उत्तरंही छापली आहेत. ती उत्तरं आता पाठ झाली आहेत: महिन्याच्या १८, १९, २० तारखांना कॉल अचानक वाढतात, माणसं पुरत नाहीत. अचानक कसे? जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. तेव्हापासून २० तारीख दर महिन्याला येते आहे.

माणसं किती पुरतील याचं गणित तर शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ॲग्नर एरलांग नावाचे डॅनिश गणिती काम करत. टेलिफोनवर कॉल कसे येतात याबद्दलचा त्यांचा निबंध १९०९ चा, आणि रांगेत किती थांबावं लागेल ते काढायची सूत्रं १९१७ ची. तासाला किती कॉल येतात आणि एक कॉल सरासरी किती वेळ चालतो, एवढं कळलं की किती माणसं बसवल्यावर किती थांबावं लागेल ते कागदावर काढता येतं. कॉल सेंटरच्या पाळ्या आजही याच पायावर लागतात.

उदाहरण घ्या. तासाला १०० कॉल, प्रत्येक सरासरी सहा मिनिटांचा. म्हणजे ६०० मिनिटांचं बोलणं. दहा माणसांचं तासभराचं, श्वास न घेता केलेलं काम. दहाच माणसं बसवली तर रांग कधी संपत नाही, ती वाढत जाते. अकरा बसवली तर सरासरी चार मिनिटं थांबावं लागतं. बारा बसवली तर दीड मिनिटाच्या आत. तेरा बसवली तर अर्धं मिनिट. अकराच्या जागी तेरा, बस्स. जिथे दुपारभर थांबूनही नंबर लागत नाही, तिथे माणसं दहाच्याही खाली आहेत, आणि ती तेवढीच ठेवायची हे कुणीतरी आकडे समोर घेऊन ठरवलेलं आहे. गर्दी, तांत्रिक अडचण, कर्मचाऱ्यांची टंचाई ही सगळी नावं त्या निर्णयाला नंतर दिलेली आहेत.

निर्णय दुसराही घेता येतो, आणि एका सॉफ्टवेअर कंपनीनं तो घेऊन दाखवला होता. अमेरिकेतल्या युटा राज्यात ओरेम नावाचं गाव आहे. तिथे वर्डपरफेक्ट ही कंपनी होती. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन ॲश्टन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस बॅस्टियन यांनी ती १९७९ मध्ये काढली, वेगळ्या नावानं. १९८२ मध्ये त्यांचा वर्ड प्रोसेसर आयबीएम पीसीवर आला आणि ऐंशीचं दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या वकिलांच्या कचेऱ्यांपासून सरकारी खात्यांपर्यंत तोच पसरला. किंमत ४९५ डॉलर, त्या काळी लहान रक्कम नव्हे. आपल्याकडेही ज्यांनी डॉसवर टायपिंग केलंय, त्यांना ती निळी स्क्रीन आणि फंक्शन कीजवर ठेवायची रंगीत पट्टी आठवत असेल.

त्या ४९५ डॉलरमध्ये फोन धरलेला होता. अमेरिकेतला ८०० चा नंबर म्हणजे आपल्याकडचा १८००, कॉलचा खर्च कंपनीकडे. त्या नंबरावर कितीही वेळा फोन करा, पैसे नाहीत. पलीकडे ओरेममध्ये शेकडो माणसं या एकाच कामाला बसवलेली. तेव्हा प्रोग्राम आणि प्रिंटर यांच्या मध्ये विंडोज नव्हतं. प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक प्रिंटरसाठी स्वतःचा ड्रायव्हर लागायचा. कागद वाकडा येतो, अक्षरं तुटतात, समास सरकतो, असल्या कटकटी समोरचा माणूस तुमच्याबरोबर एकेक की दाबत सोडवायचा. कार्बन पेपरच्या जमान्यातून नुकत्याच आलेल्या टायपिस्ट बायकांना त्या फोनचा केवढा आधार असेल, याची कल्पना मला करता येते. कॉम्प्युटरची भीती पुस्तिकेनं जात नाही. पलीकडून कुणी धीरानं ‘आता काय दिसतंय?’ असं विचारलं की जाते.

रांग तिथेही लागायची. पण रांगेत थांबलेल्यांसाठी कंपनीनं आणखी एक माणूस ठेवला होता. त्याला होल्ड जॉकी म्हणत. तो गाणी लावायचा, आणि मधूनमधून स्वतः बोलून सांगायचा की अमुक विभागाच्या रांगेत इतके जण आहेत, इतकी मिनिटं लागतील. ध्वनिमुद्रण नव्हे, त्या क्षणी तिथे बसलेला जिवंत माणूस. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचली. किती थांबायचंय हे कळलं, की माणूस पाणी पिऊन येतो, दुसरं काम हातावेगळं करतो, नाहीतर उद्या करू म्हणून फोन ठेवतो. ते कळलं नाही तर तो फोनला बांधलेला राहतो. माहिती दिली की थांबणं सुसह्य होतं, आणि ती द्यायला लागत होता एक माणूस आणि एक मायक्रोफोन.

मला लगेच सांगितलं जाईल, की म्हणूनच ती कंपनी बुडाली. हे खरं नाही. विंडोजसाठीचं वर्डपरफेक्ट १९९१ च्या अखेरीस आलं, उशिरा आणि चुकांनी भरलेलं. तोवर मायक्रोसॉफ्टचं वर्ड विंडोजवर स्थिरावलं होतं आणि ऑफिसच्या संचात एक्सेलबरोबर स्वस्तात मिळत होतं. १९९४ मध्ये नॉव्हेलनं कंपनी विकत घेतली, १९९६ मध्ये ती कोरेलकडे गेली, आणि त्या पडझडीत फुकटचा फोनही गेला. चुकली ती विंडोज ओळखण्यात. फोनवर बसलेल्या माणसांनी तर ती वाढवली होती: एका कचेरीनं दुसरीला सांगावं, की हे घ्या, अडलं तर फोन उचलतात. याहून चांगली जाहिरात कुठल्या एजन्सीनं करून दिली असती?

आणि फोन उचलण्याचा फायदा एकट्या ग्राहकाला होतो असंही नाही. प्रवासाची तिकिटं शोधून देणाऱ्या कयाकचे एक संस्थापक पॉल इंग्लिश यांनी कचेरीत लाल रंगाचा फोन बसवला आणि ग्राहकांचे कॉल प्रोग्रामरांनीच घ्यायचे असं ठरवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकच तक्रार दोन-तीन जणांकडून कानावर आली, की प्रोग्रामर हातातलं काम थांबवून आधी ती चूक दुरुस्त करतो. मग त्या तक्रारीचे फोनच येत नाहीत. याच इंग्लिश यांनी २००५ च्या सुमारास, कुठल्या कंपनीत कुठली बटणं दाबली की माणूस मिळतो, याची यादी लोकांसाठी खुली केली होती. पुढे ती गेटह्यूमन या नावानं चालली.

इचलकरंजीच्या लायसन्सचं बघा. जुनं मशीन भंगारात गेलं आणि लायसन्स अडकलं, हे एकाच दुकानात घडत असेल का? कॉम्प्युटर बदलणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ते येत असणार. ज्यानं ते लायसन्सचं कुलूप लिहिलं, त्याला एक आठवडा सपोर्टच्या फोनवर बसवा. दुसऱ्या आठवड्यात ते कुलूप ग्राहकाला स्वतः उघडता येईल.

माझा जुना मुद्दा इथे पुन्हा मांडतो, वाचकांनी चालवून घ्यावा. सॉफ्टवेअर विकायचं थांबून भाड्यानं द्यायला लागल्यापासून हे सगळं बिघडलं आहे. डबा विकायचा तेव्हा पुढची आवृत्ती घ्यायला ग्राहक खूश असावा लागे. आता सगळा हिशेब त्याच सॉफ्टवेअरच्या पोटात, वर्षानुवर्षांचा डेटा तिथेच. दुकानदार जाणार कुठे? तो नूतनीकरण करणारच, फोन उचला किंवा उचलू नका. वर्षाचं भाडं आणि न उचललेला फोन या एकाच धंद्याच्या दोन बाजू आहेत, अशी माझी खात्री आहे, आणि ती दर आठवड्याला येणाऱ्या पत्रांनी पक्की होत जाते.

माणसं मिळत नाहीत, हे तर मी मुळीच मान्य करत नाही. पुण्यातल्या मराठी मुलामुलींनी वर्षानुवर्षं रात्री जागून अमेरिकेतल्या घरांचे फोन घेतले. संध्याकाळी कॅब दारात यायची, पहाटे परत सोडायची. कॉल किती मिनिटांत संपवला, म्हणजे त्यांच्या भाषेत एएचटी, यावर त्यांचा पगारातला इन्सेंटिव्ह ठरायचा. त्यांनी ओहायोतल्या आजोबांचा प्रिंटर चालू करून दिला. तीच मुलं, तेच कौशल्य, आता इथल्या दुकानदारांसाठी वापरा. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला मराठीतून उत्तर द्यायला ती तयार आहेत.

आता यंत्रच बोलेल, माणूस कशाला, असंही ऐकू येतं. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, की तिचा एआय मदतनीस ७०० माणसांचं काम करतो. २०२५ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख सांगू लागले, की ग्राहकाला हवा तेव्हा माणूस मिळालाच पाहिजे, आणि पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात झाली.

या सगळ्यात मला सर्वात जास्त छळते ती गोष्ट वेगळीच आहे. खरी कंपनी फोन उचलत नाही म्हणून लोक नंबर शोधत सुटतात, आणि खोट्या सपोर्टचा नंबर त्यांना सापडतो. तिथे पहिल्या रिंगला माणूस बोलतो, गोड बोलतो, कॉम्प्युटरचा ताबा मागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र-२ खाली देशभर छापे घातले. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून शोधलेली, त्यांच्या नावानं सपोर्ट देण्याचं सोंग करून परदेशी नागरिकांना लुबाडणारी कॉल सेंटरं होती. लुबाडणारा फोन उचलतो यावर त्याचा धंदा उभा आहे. ज्यांनी ती जागा रिकामी ठेवली त्यांची जबाबदारी कुठेच मोजली जात नाही. (असं कुणी फसवलं असेल तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.)

नियम करता येतो, कारण एका क्षेत्रात तो आहे. मोबाइल कंपन्यांसाठी ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांत लिहिलेलं आहे, की ग्राहकाला माणसाशी बोलायचं असेल तर शंभरातले ९५ कॉल ९० सेकंदांच्या आत माणसानं घेतले पाहिजेत. तो किती पाळला जातो यावर इथे भांडून झालंय. पण भांडायला आकडा तरी आहे. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी असा आकडा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विकणाऱ्यांवर तक्रार अधिकारी नेमणं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण ही बंधनं घातली. १९ तारखेला दुकानात बसलेल्या माणसाला महिन्याची मुदत काय कामाची? पैसे घेऊन सॉफ्टवेअर चालवायला देणाऱ्या प्रत्येक कंपनीला ९० सेकंदांचा नियम लागू झाला पाहिजे, आणि विक्रीच्या फोनला लागणारा वेळ व सपोर्टच्या फोनला लागणारा वेळ शेजारी शेजारी छापायची सक्ती झाली पाहिजे. ग्राहक पंचायतींनी ही मागणी दिल्लीपर्यंत न्यावी. तोवर प्रत्येक तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. नोंद नसली, की कंपन्या तक्रारच नव्हती म्हणतात.

मार्च-एप्रिलमध्ये नूतनीकरणाचे फोन येतील. पैसे भरण्याआधी त्या प्रतिनिधीला तीन गोष्टी विचारा: सपोर्टच्या फोनवर एरवी किती माणसं बसतात, १८ ते २० तारखांना किती बसतात, आणि अडकलेलं लायसन्स सोडवण्याचा अधिकार फोन उचलणाऱ्याला आहे का. उत्तर ईमेलवर मागा आणि ते ईमेल मला पाठवा. मे महिन्यात कंपन्यांच्या नावांसकट ती उत्तरं या सदरात छापणार आहे. ज्या कंपनीनं उत्तर दिलं नाही तिचं नाव आधी.