समाजशास्त्र की समाजकार्य? दोन्हींना 'समाजसेवा' म्हणण्याआधी हे वाचा

बारावीनंतर आर्ट्सच्या विद्यार्थ्यांसमोर दोन पर्याय हमखास येतात: समाजशास्त्र घेऊन बीए किंवा समाजकार्यातलं बीएसडब्ल्यू. घरी मात्र दोन्हींचा अर्थ एकच लावला जातो, 'समाजसेवा'. मग लगेच प्रश्न येतो, 'त्याने पोट भरतं का?' माझ्या मते, या एका शब्दाने दोन्ही विषयांचं नुकसान केलंय.

मुळात फरक काय?

बीडच्या ऊसतोड कामगारांचं उदाहरण घेऊ. गळीत हंगाम आला की कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि अनेक मुलांची शाळा सुटते.

समाजशास्त्र विचारतं, असं का होतं? मुकादम उचल देतो ती बहुतेक वेळा नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला. दोघंही निघाले की मुलांकडे बघायला घरी कोण उरतं? कोरडवाहू शेती, कर्ज, जात आणि मुलींची लवकर होणारी लग्नं यांचा एकमेकांशी संबंध काय, हे तो अभ्यास शोधतो.

समाजकार्य विचारतं, आता काय करायचं? आजी-आजोबांशी बोलून मुलांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवणं, स्थलांतर झालंच तर तिथल्या शाळेत प्रवेश मिळवून देणं, बालविवाहाची कुणकुण लागताच यंत्रणेला कळवणं. म्हणूनच या कोर्समध्ये वर्गाइतकंच फील्डवर्क महत्त्वाचं असतं.

मुंबईतली सुरुवात

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये याच शहरात सुरू झालं. ती संस्था म्हणजे आजची 'टिस'. म्हणजे हे काही कालपरवाचे कोर्स नाहीत.

पुढे काय करता येतं?

- समाजशास्त्र: संशोधन, अध्यापन, सर्वेक्षण, पत्रकारिता. यूपीएससी मुख्य परीक्षेत ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. समाजकार्य त्या यादीत नाही.
- समाजकार्य: रुग्णालयं, बालसंरक्षण, समुपदेशन, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात.
- मनोरुग्णांसोबत काम करायचंय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल अशी पात्रता दिलीय.

खरी अडचण कुठे आहे?

वकिलांची बार कौन्सिल असते, डॉक्टरांची नोंदणी असते. समाजकार्यासाठी अशी स्वतंत्र राष्ट्रीय परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यात रुग्णालयांतले सोशल वर्कर येतात, पण वस्तीत, शाळेत किंवा बालगृहात काम करणारे त्याच्या बाहेरच राहतात. परिणाम? गल्लीतल्या फ्लेक्सवरचा प्रत्येक जण 'समाजसेवक' आणि एमएसडब्ल्यू झालेली मुलगी मात्र तुटपुंज्या मानधनावर, कंत्राटी!

मी इंजिनीअरिंग केलंय. मला कधी कोणी 'यंत्रसेवा करतोस का?' असं विचारलं नाही. कौशल्य शिकलोय, तर पगार मिळणारच, हे गृहीत होतं. अत्याचार झालेल्या मुलाशी कसं बोलायचं, हेही शिकून घेतलेलं कौशल्यच आहे. ते चुकलं तर नुकसान मुलाचं होतं. मग त्यालाच त्यागाची अट कशाला?

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला हे विचारा

1. फील्डवर्क आठवड्यात किती दिवस, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली?
2. गेल्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थी कुठे काम करतात, किती पगारावर?
3. समाजशास्त्र असेल तर संशोधन पद्धती आणि आकडेवारीचं विश्लेषण प्रत्यक्ष करून घेतात की फक्त नोट्स देतात?

'का होतं?' हा प्रश्न तुम्हाला झोपू देत नसेल तर समाजशास्त्र घ्या. 'आता काय करू?' हा देत नसेल तर समाजकार्य. आणि नोकरीच्या मुलाखतीत पगाराचा विषय निघाला, तर संकोच न करता आकडा सांगा.