उन्हातल्या दारात गलांडा

दारात दिवसभर ऊन आणि नळाला एक दिवसाआड पाणी, अशा घरी फुले कशी येणार, असे एका ताईंनी विचारले आहे. त्यांचे दोन गुलाब वाळले. आता घरातले म्हणतात, प्यायला पाणी पुरत नाही आणि तू झाडांना घालतेस! ताई, गुलाबाचा नाद तूर्त सोडा. गलांडा लावा.

हा सूर्यफुलाच्या आणि झेंडूच्या कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेतल्या उघड्या माळांवरचा. म्हणून त्याला ऊन हवेच. सावलीत लावाल तर नुसता पाला वाढेल. शास्त्रीय नाव गॅलार्डिया, ते १८व्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाच्या नावावरून पडले. आपल्या फुलवाल्या बायकांनी त्याचा गलांडा केला. मला तरी हेच बरे वाटते.

कुंड्या विकत घेऊ नका. तेलाचा रिकामा डबा घ्या, पण तळाला चार-पाच भोके पाडल्याशिवाय त्यात माती भरू नका. पाणी साचले की गलांड्याचे मूळ कुजते आणि उभे झाड माना टाकते. मग आपल्याला वाटते तहान लागली, म्हणून आणखी पाणी ओततो!

मातीत थोडे कुजलेले शेणखत मिसळा. बी एका पसरट भांड्यात टाकून वर मातीचा अगदी पातळ थर द्या. ४-५ आठवड्यांनी रोपे हलवा. डब्यात एकच रोप, जमिनीत दीड-दीड फुटावर. रोप जीव धरीपर्यंत रोज थोडे पाणी द्यावेच लागते. पुढे वरची माती सुकली की मगच. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी त्याला चालते, म्हणजे पिण्याच्या हंड्याला हात लावायला नको. साबणाचे पाणी मात्र घालू नका.

बी टाकल्यापासून ३-साडेतीन महिन्यांत लाल-पिवळी फुले लागतात. खताचा मारा केला तर पानेच माजतील. पाकळ्या गळून मागे गोंडा राहतो, तो खुडत जा, नवी कळी येते. शेवटचे चार-सहा गोंडे झाडावरच वाळू द्या आणि बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. शेजारणीने मागितले तर अर्धी पुडी तिला द्या.